जित्या माणसाचे सदरे

पवनीच्या कोष्टी मोहल्ल्यात कौशल्याबाईच्या तोंडाला लागायची हिंमत सहसा कोणी करत नसे. पण करोनाच्या त्या दुसऱ्या उन्हाळ्यात नको त्या माणसांना नको तेवढी हिंमत आली होती. तोंडाला फडकं बांधलं की माणसाची लाजही झाकली जाते की काय, कोण जाणे. सेवकरामला धाप लागली म्हणून ॲम्ब्युलन्स त्याला भंडाऱ्याला घेऊन गेली. ती वळणाआड होते न होते तोच समोरच्या गोमाजीनं सेवकरामची गोधडी खाटेवरून काठीनं उचलली, गल्लीच्या तोंडाशी नेली आणि स्वतःच्या गाडीतलं डिझेल ओतून पेटवून दिली. कौशल्याबाई तेव्हा आतल्या खोलीत होती. तपासणीला आलेली बाई तिच्या नाकात काडी घालत होती. बाहेर येऊन बघते तो सासूच्या हातची गोधडी जळून राख झालेली आणि गोमाजी लांब उभा राहून हातावर सॅनिटायझर चोळतोय.

तपासणीत कौशल्याबाई निगेटिव्ह निघाली. तरी गोमाजीचं समाधान नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो ओट्यापासून चांगला पाच-सात हात दूर थांबला आणि मोठ्या आवाजात म्हणाला, "वयनी, सेवकरामभाऊचे पेटीतले सदरेही बाहेर टाका. एकदाचे जाळून टाकू."

"जित्या माणसाचे कपडे जाळते काय कोणी, गोमाजीभाऊ?"

"साऱ्या गल्लीच्या भल्यासाठी सांगून राहिलो, वयनी."

"गल्लीचं भलं माह्या पेटीत आहे काय? आज सदरे मांगून राहिले, उद्या म्हणसान सेवकरामची बायको द्या."

गोमाजी मान खाली घालून निघून गेला. माणूस तसा वाईट नव्हता. सूत आणि लुगड्यांचा त्याचा धंदा, सेवकरामसारख्या विणकरांचा माल स्वतःच्या छोट्या गाडीत घालून बाजाराला न्यायचा. आदल्या वर्षी त्याचा धाकटा भाऊ याच आजारानं गेला आणि त्याचं तोंडही कोणाला बघायला मिळालं नाही. तेव्हापासून भीती त्याच्या हाडात शिरली होती. त्याची भीती खोटी नव्हती हे कौशल्याबाईलाही कळत होतं. पण घाबरलेल्या माणसानं दुसऱ्याच्या खाटेवरची गोधडी जाळावी, हे कुठल्या शास्त्रात बसतं? तिनं मनातल्या मनात त्याला ज्या शिव्या घातल्या त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत.

गल्लीनं मग आपले रंग दाखवले. नळावर तिचा पाण्याचा गुंड दिसला की बायका आपापली भांडी उचलून बाजूला व्हायच्या. एक दिवस गोमाजीच्या बायकोनं, गोदावरीबाईनं, लांबूनच सांगितलं, "बाई, राग नका मानू, पण काही दिवस नळावर येऊ नका ना." दूधवाला कोपऱ्यावरूनच परत जाऊ लागला. परसातल्या विहिरीचं पाणी मचूळ होतं, ते उकळून प्यायचं आणि काळ्या चहावर सकाळ काढायची. एकुलती एक लेक तेजस्विनी लाखांदूरला दिलेली. तिचा सासरा तापानं फणफणलेला, त्यामुळे तिला घर सोडता येईना. ती दिवसातून चारदा फोन करायची आणि चारही वेळा रडायची. शेवटी कौशल्याबाई तिला म्हणाली, "तू रडाले फोन करतं का विचारपूस कराले? रडाचं असंल तं तुह्या घरी रड, मले कामं आहेत."

कामं होती कसली? घरात दोन माग. दोन्ही बंद. सुताच्या कांड्या टोपलीत तशाच पडलेल्या. एरवी सकाळपासून खटखट चालायची, तिच्या तालावर स्वयंपाक, धुणं, भांडण सगळं व्हायचं. आता घर इतकं गप्प झालं होतं की फोन वाजला तर छाती धडधडायची. फोन वाजावा असंही वाटायचं आणि वाजू नये असंही वाटायचं.

एका सकाळी सेवकरामचाच फोन आला. नाकात ऑक्सिजनची नळी, त्यामुळे आवाज चाळणीतून गाळून आल्यासारखा.

"तेजूची माय, हुडहुडी भरते व. येथची चादर अंगाले लागतच नाही. माही गोधडी धाड ना."

गोधडी जाळली म्हणून सांगावं तर तो माणूस तिथल्या तिथं खचेल. दोघांच्या लग्नाइतकी जुनी ती गोधडी. ताप असो, थंडी असो, घरात भांडण होऊन रुसून बसणं असो, तो तीच ओढून घ्यायचा.

"धुवाले काहाडली आहे," ती म्हणाली. "वाळली का धाडते. तुम्ही जेवले काय?"

"जेवाची इच्छाच नाही होत."

"इच्छेले कोण विचारते? खाऊन घ्या मुकाट्यानं."

बोलून तर बसली. आता गोधडी आणायची कुठून? बाजार बंद. गल्लीत चिंधी मागावी तर लोक दार लावून घ्यायचे. तिची स्वतःची जुनी सुती लुगडी मागच्या दिवाळीत भांडेवालीला देऊन झाली होती, आणि उरलेल्या साड्या सगळ्या नायलॉनच्या, त्यात ऊबही नाही आणि दोराही धरत नाही. घरात मऊ, धुवून धुवून लोण्यासारखं झालेलं सूत एकाच ठिकाणी होतं, ते म्हणजे सेवकरामच्या पेटीत. सगळे सदरे हातमागाच्या कापडाचे. त्यातले कितीतरी त्यानं स्वतः विणलेले.

पण त्यांना कात्री लावायची कशी? कोष्टी मोहल्ल्यात पुरुषाच्या सदऱ्याला कात्री लागते ती तो गेल्यावरच. तेरवी झाली की भाऊबंदातल्या बायका जमतात, गेलेल्याचे कपडे उसवतात आणि प्रत्येकजण चार टाके घालून त्याची गोधडी शिवते. म्हणजे घरातल्यांच्या अंगावर तो माणूस राहतो. जिवंत माणसाचा सदरा फाटून लक्तरं झाला तरी बायका तो पेटीच्या तळाशी ठेवतात, कापत नाहीत. कौशल्याबाईनंही आजवर कापला नव्हता. कात्री हातात घेऊन ती पेटीसमोर बराच वेळ बसली.

मग ती उठली. माणूस गेल्यावर त्याच्या सदऱ्याची ऊब दुसऱ्यांनी घ्यायची, आणि तो तिकडे कुडकुडतोय तेव्हा त्याला ती मिळू द्यायची नाही, असली रीत जिनं काढली तिला कधी हुडहुडी भरली नसावी. अपशकुन तर अपशकुन. करोनापेक्षा मोठा अपशकुन आणखी कोणता यायचा राहिला होता?

अंगणात तिनं चूल मांडली. ज्या मोठ्या गंजात सेवकराम सूत रंगवायचा, तो वर चढवला, पाण्यात सोडा टाकला आणि सगळे सदरे, धोतरं, दुपट्टे त्यात सोडले. गोमाजीला जंतूंची भीती होती ना? घे म्हणावं, उकळून दाखवते. लाकडी दांड्यानं कपडे घोटता घोटता ती स्वयंपाकाच्या तिखटाइतकं तिखट बोलत होती. रोगाला, गल्लीला, गोमाजीच्या काठीला. गंजातल्या कढत पाण्याशी काचेच्या बांगड्यांचं काय काम, म्हणून तिनं बांगड्या उतरवून ओट्यावर ठेवल्या, त्या तिथंच राहिल्या. हातात एकेक ठेवली, ती लांबून कोणाला दिसणार.

कपडे चैत्राच्या उन्हात कडक वाळले. मग तिनं ओट्यावरच, सगळ्या गल्लीच्या नाकासमोर, शिवण मांडली. आत लपून शिवायला तिनं काय चोरी केली होती? सदऱ्यांची पाठ-पोटं वेगळी केली, बाह्या उकलल्या, धोतराचं अस्तर लावलं. सुताच्या कांड्या होत्याच, दोन पदर पिळून दाभणात ओवले. गोधडी कडेकडेनं शिवत आत जायची असते, बाहेरची ओळ पूर्ण झाली की तिच्या आतून दुसरी. मध्ये उडी मारून चालत नाही, नाहीतर कापड फुगतं. कौशल्याबाईला ही शिस्त बरी वाटली. मध्ये काय व्हायचंय ते आत्ता बघायचंच नाही, फक्त या ओळीचा पुढचा टाका बघायचा. सेवकराम जेवला असेल का, त्याचा ऑक्सिजन किती असेल, रात्री त्याच्या उशाशी कोणी असेल का, हे प्रश्न माशांसारखे घोंगावत यायचे. दाभण कापडातून आरपार काढायचं म्हणजे जोर लागायचा, आणि जोर लावला की माश्या घटकाभर उडायच्या. कित्येक दिवसांत पहिल्यांदा तिला दुपारी भूक लागली.

एकच अडचण राहिली होती. गोधडी शिवून झाल्यावर भंडाऱ्याला न्यायची कशी? एसटी बंद, ऑटोवाले पवनीबाहेर जायला तयार नाहीत. कपडे वाळत होते तेव्हाच तिनं मान खाली घालून, म्हणजे तिच्या मानानं जेवढी खाली जाते तेवढी घालून, गोमाजीला विचारलं होतं. "गाडी घेऊन भंडाऱ्याले चालता काय? एक डबा, एक पिशवी, फक्त दारावर द्याची आहे."

"पास नाही भेटत, वयनी," गोमाजी म्हणाला. "आन् तसंही, म्या कायले खोटं सांगू, माही हिंमत नाही होत."

तिनं परत विचारलं नाही.

पुढची सकाळ उजाडली तेव्हा गोधडीच्या आतल्या थोड्याच ओळी राहिल्या होत्या. कौशल्याबाई ओट्यावर बसून टाके घालत होती. मान अवघडली म्हणून तिनं वर बघितलं, तर गल्लीतल्या बायका डोक्यावरून पदर घेऊन एकामागे एक येताहेत. हातात डबे. पुढे गोदावरीबाई, तिचे डोळे लाल. मागे पुरुष, टोप्या काढलेल्या. बायकांनी ओट्याच्या कडेला डबे ठेवले आणि मागे सरकून उभ्या राहिल्या. गोमाजी पुढे आला, या वेळी पाच-सात हातांचं अंतर न ठेवता, आणि भरल्या आवाजात म्हणाला, "वयनी, गाडी काहाडली आहे. पासही आणला. चाला भंडाऱ्याले. दुरून का होईना, तोंड पाहू देतेत म्हणतात."

कौशल्याबाईच्या हातातलं दाभण खाली पडलं.

तिला वाटलं, दवाखान्यातून गोमाजीला फोन आला असणार. बायकोला एकदम सांगू नका, शेजाऱ्यांना सांगा, असं करतात म्हणे ते लोक. त्या सकाळी फोनवर त्याला जरा नीट बोलले असते तर काय बिघडलं असतं? मुकाट्यानं खा म्हटलं. जाता जाता त्याच्या कानावर आपला हाच आवाज पडला. एवढ्यात फोन वाजला. तेजस्विनी होती, आणि रडण्यापलीकडे तिला काही बोलता येत नव्हतं.

"आई, समाजाच्या ग्रुपवर बाबाचा फोटो टाकला व! हार घातलेला! तू मले सांगतलं काहून नाही?"

"थांब," कौशल्याबाई म्हणाली. स्वतःचा आवाज तिला दुरून ऐकू आला. "फोन ठेव. मी पाहते."

तिनं कोविड सेंटरचा नंबर लावला. लागेना. परत लावला. तिसऱ्या का चौथ्या खेपेला मेघा सिस्टरनं फोन उचलला. ही पोरगी रोज दोन शब्द नीट बोलायची, तिचा आवाज कौशल्याबाईच्या ओळखीचा होता.

"सिस्टर, मी सेवकरामची... माहा माणूस..."

"आजी, मीच तुम्हाला फोन करणार होते," मेघा म्हणाली. "आजोबा कालपासून जेवलेच नाहीत. ताट जसंच्या तसं परत येतं. पालथं झोपा म्हटलं तर भिंतीकडे तोंड करून घेतात. डॉक्टर म्हणाले, औषध आपलं काम करतंय, पण पोटात काही गेलं नाही तर अंगात ताकद कुठून येणार? तुम्ही समजवा ना त्यांना. आमचं ऐकत नाहीत."

"म्हणजे जिता आहे?"

"अहो आजी, काय बोलता! आहेत ना. आत्ताच माझ्यावर डाफरले."

कौशल्याबाईनं फोन पदरात ठेवला. आधी तिला रडू आलं, ते तिनं येऊ दिलं. मग ते गेलं आणि त्याच्या जागी जे आलं ते बघून पुढच्या दोन बायका आपसूक मागे सरकल्या.

"कोणं मारलं माह्या माणसाले?" तिनं विचारलं. "कोणं सांगतलं तुमाले?"

जो तो दुसऱ्याकडे बघू लागला. फिरत फिरत सगळ्यांचे डोळे गोदावरीबाईवर येऊन थांबले. तिनं पदराचं टोक तोंडात धरलं.

"बाई, म्या खिडकीतून पाहिलं. तुम्ही भाऊचे सदरे कापून राहिल्या होत्या. बांगड्या काहाडून ओट्यावर ठेवलेल्या. आता असं पाहिल्यावर माणसाले काय वाटंल, तुम्हीच सांगा?"

"आन् मले विचाराले काय झालं होतं? ओटा का दूर होता?"

"कसं विचारू, बाई? असं विचारते का कोणी?"

खरंच होतं. असं कोणी विचारत नाही. त्या गल्लीत कात्री लागलेला सदरा बघितल्यावर आणखी विचारायचं तरी काय राहतं? कौशल्याबाईला एक क्षण हसूच येणार होतं. पण तिची नजर ओट्याच्या कडेच्या डब्यांवर गेली. स्टीलचे, पितळेचे, झाकणाला फडकं बांधलेले, इतके की ठेवायला जागा पुरली नव्हती. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारचे रांधून आणतात. गल्लीनं आपली रीत चोख पाळली होती.

"वा रे गल्ली," ती म्हणाली. "हा माणूस जिता होता तवा त्याच्या बायकोले नळावरचं एक गुंड पाणी नाही देल्लं कोणं. मेला म्हणून ऐकलं तं वरण, भात, भाजी, सारंच आलं! जित्याले पास भेटत नव्हता, मेल्याले भेटला! गोमाजीभाऊ, तुमची हिंमत होत नव्हती ना? आज कोठून आणली?"

गोमाजीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला मास्क आड येत होता.

"भावाच्या वेळी मले कोणी नेलं नाही, वयनी," तो कसाबसा म्हणाला. "म्हणून आज गाडी काहाडली."

कौशल्याबाईचा राग तेवढ्यानं उतरला असं नाही. पण तिनं त्याच्यावरची नजर काढून घेतली. गोदावरीबाई पुढे सरकली आणि गुपचूप आपला डबा उचलू लागली. मयतासाठी रांधलेलं अन्न जित्या माणसाच्या घरात ठेवू नये, हेही तिला ठाऊक होतं.

"हात नका लावू," कौशल्याबाई ओरडली. "ठेवा तेथंच. मेल्यासाठी रांधलं ना? जिता खाईल. गोमाजीभाऊ, पास आहे, गाडी आहे. चाला भंडाऱ्याले."

"आता? पण आता तं..."

"आता तं काय? मुडदा नाही म्हणून डिझेल जळणार नाही काय?"

ती मागच्या उघड्या हौद्यात बसली. तोंडाला मास्क, एका बाजूला डब्यांची पिशवी, मांडीवर गोधडी. गाडी पवनीबाहेर पडली आणि तिनं दाभण परत ओवलं. शेवटच्या ओळी राहिल्या होत्या आणि पूर्ण न करता गोधडी पाठवायची तिची तयारी नव्हती. मध्येच तेजस्विनीला फोन लावून सांगितलं, "तुहा बाप जिता आहे. तो फोटो काहाडाले लाव, आन् ज्यानं टाकला त्याले माहा नंबर दे." अड्याळ गेलं, पहेला गेलं. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला टाका वाकडा पडत होता. वाकडा पडला तर पडू दे म्हणून ती उसवत बसली नाही. भंडारा जवळ आलं तेव्हा तिनं दोरा दातांनी तोडला.

कोविड सेंटर एका वसतिगृहात उघडलेलं होतं. फाटकापुढे नातेवाइकांची गर्दी, प्रत्येकजण पिशवी घेऊन. पांढऱ्या पोशाखात गुंडाळलेली मेघा सिस्टर खाली आली. तिचे फक्त डोळे दिसत होते, तरी कौशल्याबाईला ती आपल्या लेकीच्या वयाची आहे हे कळलं.

"सोड्यात उकळली आहे, उन्हात वाळवली आहे," तिनं डबा आणि गोधडी पुढे करत सांगितलं. "चालंल ना?"

"चालेल आजी. आता तुम्ही फोनवर त्यांना जरा जेवायला लावा."

फाटकासमोरच्या कडुनिंबाखाली कौशल्याबाई बसली. गोमाजी थोड्या अंतरावर उकिडवा बसला. बऱ्याच वेळानं फोन वाजला. तिनं स्पीकर लावला, कारण घामानं कानाला फोन चिकटत होता.

"तेजूची माय," सेवकरामचा आवाज आला. "हे काय धाडलं तू? ही माही गोधडी नाही."

"तुमचीच आहे."

थोडा वेळ नुसता ऑक्सिजनचा फस्स आवाज येत राहिला. तो चाचपत असणार.

"माहे सदरे कापले तू?"

"हो. कापले."

ज्या माणसानं आधीच भिंतीकडे तोंड फिरवलंय, त्याच्या अंगावर आपण त्याचे कापलेले सदरे टाकले. आता हा काय समजेल?

"ऊब येते का?" तिनं हळूच विचारलं.

"येते." मग म्हणाला, "खिसा तसाच ठेवला व. चष्मा ठेवाले बरा आहे."

"जेवा आता. डबा उघडा. मी फोन चालू ठेवते."

डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. चमचा वाजला. कौशल्याबाई आणि गोमाजी दोघंही कान देऊन ऐकत होते. चमचा थांबला.

"वरणाले फोडणी काहून नाही?"

कौशल्याबाईनं कपाळावर हात मारून घेतला. रागाच्या भरात डबे उचलून आणले, एकाही डब्याचं झाकण उघडून बघितलं नाही. मयताच्या घरी नेतात त्या वरणाला फोडणी देत नाहीत, हे कोष्टी मोहल्ल्यातलं शेंबडं पोरही सांगेल. आणि सेवकरामनं आयुष्यात असल्या वरणाची पंगत किती वेळा वाढली होती. चाखताक्षणी त्याला कळलं असणार.

"कोणाच्या घरचं आहे हे?" त्यानं विचारलं. "कोण मेलं गल्लीत?"

गोमाजी हातानं खुणा करत होता, सांगू नका, सांगू नका. दुसरी कोणी असती तर काहीतरी सारवासारव केली असती. कौशल्याबाईनं एकदा फाटकाकडे बघितलं, एकदा फोनकडे बघितलं. भिंतीकडे तोंड करून पडलेल्या माणसाला खोटं बोलून उठवता येत नाही, असं तिला वाटलं.

"तुम्ही," ती म्हणाली.

"काय?"

"तुम्ही मेले. आज सकाळी. गोदावरीबाईनं मले तुमचे सदरे कापताना पाहिलं, आन् साऱ्या गल्लीनं रांधून आणलं. समाजाच्या ग्रुपवर हार घातलेला फोटोही टाकला. तेजूच्या लग्नातला. चांगला दिसता त्यात."

पलीकडून खोकल्याची मोठी उबळ आली. मेघा सिस्टरचा आवाज आला, आजोबा, हळू, हळू. कौशल्याबाई उठून उभी राहिली. आपण हे काय करून बसलो? उबळ थांबली आणि मग तिच्या लक्षात आलं की त्या खोकल्याच्या मध्ये मध्ये हसू होतं. धाप लागलेलं, तुटक, पण सेवकरामचंच.

"त्या वरणाले आता हात नका लावू," ती घाईनं म्हणाली. "अपशकुनी आहे. मी येथून दुसरं काही धाडते."

"काहून?" सेवकराम म्हणाला. "माह्यासाठीच रांधलं ना? मंग मीच खातो. दुसऱ्या कोणाले माह्या नावाचा एक घास नाही भेटला पाह्यजे."

आणि तो जेवू लागला. मध्ये थांबायचा, धाप टाकायचा, पुन्हा चमचा वाजायचा. मेघा सिस्टर म्हणाली, पुरे आता आजोबा, एकदम नको. तो म्हणाला, तुह्या बापाचं आहे का हे जेवण? कौशल्याबाई कडुनिंबाखाली उभीच्या उभी राहून ऐकत होती, आणि डोळ्यांतलं पाणी तिनं पुसलंही नाही. शेवटी चमचा डब्याच्या तळाला घासल्याचा आवाज आला.

"झालं," सेवकराम म्हणाला. "संपलं माहं मयत. गोमाजी आहे का तेथं?"

"आहे."

"त्याले म्हणा, उद्या वरणाले लसणाची फोडणी पाह्यजे. चांगली चरचरीत. आन् त्याच्याच घरची पाह्यजे."

"आणतो, भाऊ," गोमाजी फोनकडे तोंड करून ओरडला, फाटकावरच्या सगळ्या लोकांनी वळून बघितलं इतक्या मोठ्यानं. "रोज आणतो!"

"रोज नको," फोनमधून आवाज आला. "मी काय जलमभर येथं राहाले आलो काय?"